देवराव पेंटरची विहीर

प्रताप नगरच्या कडेला, नाल्याच्या उतारावर जी वस्ती आहे, तिथे देवराव गोंडाणेला कोणी देवराव म्हणत नसे. पेंटर म्हणत. दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या मागच्या फळ्या, लग्नाचे कापडी बोर्ड, निवडणुकीतल्या भिंती, सगळं त्याच्या ब्रशखालून गेलेलं. शाळा चौथीत सुटली, पण अक्षर असं की शिकलेसवरलेले सायकल थांबवून पाहत. धड वाचायला तो पाट्या रंगवता रंगवता शिकला आणि भांडायला वाचता वाचता. कचेरीत गेला की बाबू "बसा" म्हणेल याची वाट पाहायचा नाही. स्वतःच खुर्ची ओढायचा. "आपले बाप उभ्यानं बोलले," तो म्हणायचा, "आपण बसून बोलायचं."

राग नाकाच्या शेंड्यावर. पण वस्तीला तो राग हवा होता. रेशनचं दुकान असो की नाल्यावरची मोरी, पुढे कोण जाणार, तर पेंटर. आणि पेंटरचं सगळ्यात मोठं काम कोणतं, असं विचारलं तर लहान पोरही विहिरीकडे बोट दाखवायचं.

छप्पन साली दीक्षाभूमीवर जाऊन वस्ती बौद्ध झाली. त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात ही विहीर खोदली गेली. त्याआधी पाणी म्हणजे नाल्यातला झिरा, नाहीतर वरच्या आळीच्या विहिरीपाशी ताटकळत उभं राहायचं आणि कोणाला दया आली तर तो वरून ओतेल तेवढं झेलायचं. देवरावाचा बाप असाच उभा राहायचा, वाकून, मडकं जमिनीवर, नजर जमिनीवर. देवरावानं ते लहानपणी पाहिलं होतं आणि ते त्याच्या डोळ्यांतून कधी गेलं नाही.

विहिरीत उतरले ते देवराव आणि त्याचा जिवाचा दोस्त बळीराम. काळी माती सरली, मुरूम लागला, मुरमाखाली काळा पत्थर. सुरुंग लावायची ऐपत नव्हती. छिन्नी अन् हातोडा. हातांची सालं निघाली. पाणी लागलं तेव्हा बळीराम खालून ओरडला, "पेंटर! गोड आहे गा, गोड!" वर उभ्या असलेल्या बाया रडायला लागल्या.

देवरावानं विहिरीच्या कठड्याला चुना दिला आणि निळ्या रंगात लिहिलं: ही विहीर सर्वांची आहे. येथे कोणासही मनाई नाही. तेव्हापासून रिवाजच पडला. दर बुद्धपौर्णिमेच्या आधी विहिरीचा गाळ काढायचा, कठड्याला नवा चुना द्यायचा आणि पेंटरनं ती अक्षरं पुन्हा लिहायची.

पुढे बळीराम छातीच्या दुखण्यानं गेला. मागे उरली त्याची बायको सिंधूताई. मौद्याकडच्या खेड्यातली, उंच, हाडापेरानं दणकट, आवाज असा की नाल्यापलीकडची म्हैस मान वळवून पाहील. रडत बसली नाही. घासलेट विकायचं लायसन मिळवलं, हातगाडीवर ड्रम चढवला, हातात माप अन् नरसाळं घेतलं, आणि गल्लीगल्लीत हाळी द्यायला लागली. देवराव तिला वहिनी म्हणायचा, ती त्याला भाऊजी.

मग घासलेटच्या टंचाईचे दिवस आले. सिंधूताईच्या दारात सकाळपासून डबे आणि बाटल्यांची रांग लागायची. एका सकाळी देवराव डबा घेऊन आला आणि सवयीनं सरळ पुढे गेला.

"भाऊजी, रांग मागं आहे," सिंधूताई माप न थांबवता म्हणाली.

"वहिनी, मले कचेरीत जायचं आहे. वस्तीच्याच कामाले जाऊन राहिलो मी."

"वस्तीच तर रांगेत उभी आहे गा भाऊजी!"

रांग हसली. मनापासून हसली. देवराव मागे जाऊन उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा सिंधूताईनं माप काठोकाठ भरलं आणि वर एक धार जास्तीची सोडली. ती धार देवराव विसरला. ते हसणं मात्र तो विसरला नाही.

आता वासाची गोष्ट. वस्तीच्या वरच्या अंगाला, रस्त्याच्या वळणावर एक पेट्रोल पंप होता. रस्ता नवा होता तेव्हा महाल भागातल्या एका मालकानं सुरू केलेला. त्याचा बोर्ड देवरावानंच रंगवला होता, लाल अक्षरं, त्यांना पिवळी सावली. पुढे गाड्यांचा रस्ता बदलला, पंप बंद पडला. मालकानं मशिनी उचलून नेल्या, छप्पर नेलं, बोर्डही नेला. राहिला तो सिमेंटचा चौथरा. त्यावर बकऱ्या बसायच्या. जमिनीखालच्या टाक्यांचं काय झालं, हे कोणी विचारलं नाही. वर दिसतो तेवढाच पंप, असंच सगळ्यांना वाटायचं.

पंप बंद होऊन काही वर्षं झाली असतील. एका उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. आधी बायांच्या ध्यानात आलं. वरणाला वास, चहाला वास. देवरावाची बायको प्रेमिला म्हणाली, "पाण्याले घासलेटसारखा वास येऊन राहिला." देवरावानं बादली काढली, हुंगली, आणि त्याच्या डोक्यात एकच घर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो विहिरीवर जाऊन कठड्याला टेकून उभा राहिला. सिंधूताई डोक्यावर पाण्याचा गुंड, हातात बादली घेऊन आली.

"सिंधूबाई, थांबा."

वहिनीची बाई झालेली ऐकून तिनं भुवया उंचावल्या. "काय झालं गा भाऊजी?"

"बादली विहिरीत टाकायची नाही. पाणी बाटलं आहे तुमच्या बादलीनं."

बाटलं. हा शब्द त्या विहिरीवर कधी कोणी उच्चारला नव्हता. ज्या शब्दापायी त्यांच्या आज्या-पणज्या तहानेल्या राहिल्या, तोच शब्द पेंटरच्या तोंडून बाहेर पडला. रहाटावरचा दोर ओढणाऱ्या बाईचा हात थांबला. देवरावालाही तो शब्द ऐकू आला. पण तोंडातून सुटलेलं परत गिळायला जी ताकद लागते, ती त्याच्याकडे नव्हती.

"घासलेट तुमच्याशिवाय कोणाच्या घरात आहे?" तो आणखी जोरात म्हणाला. "त्याच हातानं, त्याच बादलीनं पाणी भरता!"

"माझी गाडीवरची बादली वेगळी, पाण्याची वेगळी. हे पाहा." सिंधूताईनं बादली त्याच्या तोंडापुढे धरली. "घ्या वास. अख्ख्या वस्तीसमोर घ्या."

देवरावानं मान वळवली. "मले नाही घ्यायचा. आजपासून तुम्ही इथं पाणी भरायचं नाही. वस्तीचा निर्णय आहे."

वस्तीचा निर्णय वगैरे काही नव्हता. पेंटर बोलला तो निर्णय, असं चालत आलं होतं.

सिंधूताई त्याच्या पायांकडे पाहत राहिली. तो जिथे टेकला होता तिथेच त्याच्या धोतरामागे शेवटचे शब्द झाकले गेले होते. "मले वाचता येत नाही," ती म्हणाली. "पण तुमच्या मागं काय लिहिलं आहे, ते तुमच्या दोस्तानं मले वाचून दाखवलं होतं." बादली उचलली आणि निघाली. पुन्हा भाऊजी म्हणाली नाही. विहिरीवर आठ-दहा बाया होत्या, प्रेमिलाही होती. एकीच्याही तोंडून शब्द फुटला नाही. देवरावाचा धाक होता हे खरं, पण घरी जाऊन प्रत्येकीनं डोळे पुसले हेही खरं.

त्या आठवड्यात देवराव प्रताप नगरमधून सायकलवर येत होता. एका बंगल्याच्या फाटकाशी सिंधूताई वाकून उभी दिसली. बादली जमिनीवर. फाटकाच्या आतून अरुंधतीबाई, त्या घरच्या मालकीणबाई, पितळी तांब्यानं पाणी ओतत होत्या. वरून. हात लांब ठेवून, तांब्या बादलीला लागणार नाही असा.

देवरावानं ब्रेक दाबला. नजर जमिनीवर, मडकं जमिनीवर. बाप आठवला. त्यानं सायकल वळवली आणि लांबच्या रस्त्यानं घरी गेला. ताटावर बसला आणि न जेवता उठला.

"पाहून आले ना?" प्रेमिलानं विचारलं.

"काय पाहून आलो?"

"जे पाहून आले ते," ती म्हणाली आणि ताट उचललं.

माणसानं त्याच दिवशी उठून सिंधूताईच्या दारात जायचं होतं. चार पावलांवर दार होतं. देवराव नाही गेला. भल्याभल्यांच्या खुर्च्या ओढून त्यांच्यापुढे बसणाऱ्याला ती चार पावलं जड झाली. गेलो तर रांग पुन्हा हसेल, असं त्याला वाटलं.

आणि वास काही जाईना. सिंधूताईचं विहिरीवर येणं बंद झालं, वास वाढला. देवराव म्हणाला, चोरून भरत असेल. गल्लीतल्या तरण्यांना पहाटे लक्ष ठेवायला सांगितलं. कोणी आलं नाही, वास होताच.

"आता काय तिच्या नावानं वास मारून राहिली का विहीर?" प्रेमिला म्हणाली.

"तू गप वं."

"मी गपच आहे. विहीर गप बसत नाही."

दोन उन्हाळे असे गेले. बुद्धपौर्णिमा आली. गाळ काढायचा होता. गाळ काढायला उतरायचे ते म्हातारे भैय्याजी, वस्तीतले जुने विहीरवाले. उतरण्याआधी त्यांचा एक नेम होता. पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा. विझला तर खाली हवा वाईट, उतरायचं नाही. जळत राहिला तर उतरायचं. दरवर्षी कंदील देवराव सोडायचा, मान त्याचा होता.

त्या दिवशी कंदील अर्ध्यात पोचला असेल नसेल, विहिरीतून भक्क करून जाळ वर आला. एवढा मोठा की समोरच्या कडुनिंबाचा शेंडा करपला. बाया किंचाळल्या. देवराव उताणा पडला. उठला तेव्हा भुवया नाहीत, कपाळावरचे केस नाहीत, मिशी एका बाजूनं जळालेली.

भैय्याजी मटकन खाली बसले. "बाप्पा! कंदील विझताना लय वेळा पाह्यला. विहीर पेटताना नाही पाह्यली."

कोणी मेलं नाही, म्हणून पुढे लोक त्यावर हसू शकले. पोरं देवरावाला बिनभुवईचा पेंटर म्हणायला लागली. पण त्या दिवशी कोणी हसलं नाही. बंब आला, बंबाच्या मागे पोलीस, आणि दोन-चार दिवसांनी पाण्याच्या तपासणीच्या खात्यातून जीप घेऊन उत्तराबाई आल्या. तिशीतली बाई, पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट. सोबत दोन माणसं, लांब दांड्याचं माती काढायचं गिरमिट, आणि बुचाच्या काचेच्या बाटल्यांची पेटी.

त्यांनी वस्तीचा पुढारी कोण ते विचारलं. देवराव पुढे झाला.

"विहिरीच्या आसपास कोणी घासलेट, डिझेल, पेट्रोल असं काही साठवतं का? किंवा आधी साठवत होतं का?"

देवरावाचा हात वर झाला आणि सिंधूताईच्या घराकडे वळला. हात आधी उठला आणि डोकं मागून आलं, असं पुढे तो काही दिवस स्वतःला सांगत राहिला. ते खोटं होतं. डोकं जागंच होतं. पंपाचा चौथरा तो उभा होता तिथून दिसत होता, त्यावर बकऱ्या बसल्या होत्या. पण पंप म्हटलं असतं तर दोन वर्षांचं सगळं एका शब्दात कोसळलं असतं. त्यानं बोट मागे घेतलं नाही.

म्हणून पहिला खड्डा सिंधूताईच्या अंगणात पडला. अख्खी वस्ती गोळा झाली. गाडी हलवली, ड्रम हलवला, ड्रमखालची फरशी उचलली. सिंधूताई कमरेवर हात ठेवून दारात उभी.

"खोदा. चुलीखालीही खोदा," ती म्हणाली. "न्हाणीही राहू देऊ नका. पेंटरचं मन भरेपर्यंत खोदा."

"ताई, रागावू नका, आम्हाला सगळीकडेच पाहावं लागतं," उत्तराबाई म्हणाल्या.

"तुमच्यावर नाही वं बाई रागावली मी."

फरशीखाली तळहाताएवढा तेलकट डाग होता. त्याच्या खालची माती स्वच्छ. गिरमिट मुरमापर्यंत गेलं. उत्तराबाईंनी माती हातात घेऊन हुंगली, मग थोडी पाण्याच्या बाटलीत टाकून हलवली आणि उन्हात धरली. तेल असतं तर वर रंगीत तवंग आला असता. नुसतं गढूळ पाणी.

"इथे काही नाही."

मग त्यांनी मान उचलून इकडेतिकडे पाहिलं आणि एक साधी गोष्ट विचारली. "पाऊस आला की पाणी कुठून कुठे वाहतं?"

चार-पाच पोरांनी एकदमच हात केले. रस्त्याकडून नाल्याकडे.

"मग हे घर तर विहिरीच्या खालच्या अंगाला आहे. इथलं तेल चढ चढून विहिरीत कसं जाईल? वरच्या अंगाला काय आहे?"

सगळे देवरावाकडे पाहायला लागले. 

"सांगा ना, पेंटर," सिंधूताई दारातून म्हणाली. "बोर्ड तर तुम्हीच लिहिला होता."

मग खड्डे वरच्या अंगाला पडत गेले. विहिरीच्या जवळच्या खड्ड्यात वास होता. त्याच्या वरच्यात आणखी. चौथऱ्याच्या कडेचा मुरूम काळा-हिरवा निघाला आणि असा भपकारा आला की खोदणारा गडी तोंडाला फडकं लावून बाहेर पळाला. बाटलीत टाकलेली माती हलवली तर पाण्यावर मोराच्या पिसासारखे रंग फिरले. टाकी उघडी केली तेव्हा तिच्या बुडाची गंजून चाळण झालेली.

उत्तराबाईंनी समजावून सांगितलं. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. ते जमिनीखालच्या पाण्यावर तरंगत, दगडांच्या फटीफटीतून, पाणी जाईल तिकडे हळूहळू सरकतं. पंप चालू होता तेव्हापासूनच टाकी गळत असणार. विहिरीपर्यंत पोचायला वर्षं लागली.

"आता?" देवरावानं विचारलं.

"विहीर बंद ठेवावी लागेल. नुसतं प्यायला नाही, काहीच करायला नाही. आणि आग तर जवळ न्यायचीच नाही."

"किती दिवस?"

"दिवस नाही हो. वर्षं. कदाचित आपल्या हयातीत..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. हात पुसत म्हणाल्या, "तुम्ही पेंटर आहात ना? विहिरीवर तेवढं मोठ्या अक्षरांत लिहून टाका."

देवरावाला राग काढायला कोणीतरी हवं होतं. तो सायकल काढून महालात गेला, पंपाच्या मालकाच्या घरी. अरुंद गल्ली, पुढे दुकान, मागे बैठक. बैठकीत म्हातारा मालक धोतराचा सोगा सावरत बसलेला. देवरावानं पहिल्यांदा खुर्ची ओढली नाही, उभाच राहिला.

"तुमच्या टाकीनं आमची विहीर..." तो म्हणाला, आणि पुढचा शब्द ओठावर आला तो 'बाटवली'. जिभेला चटका बसावा तसा थांबला. "...नासवली," म्हणाला शेवटी.

"अहो, टाकी जमिनीत असते," म्हातारा म्हणाला. "वर्षानुवर्षं चांगली चालली. आत काय झालं, कोण वाकून पाहतं? मी काय मुद्दाम केलं का?"

एरवी देवरावानं बैठक डोक्यावर घेतली असती. गल्लीतली माणसं जमवली असती. या वेळी त्याला फक्त एक बादली दिसली, तोंडासमोर धरलेली, आणि बाजूला वळलेली स्वतःची मान. कोण वाकून पाहतं. हा म्हातारा टाकीकडे वाकला नाही. तो स्वतः बादलीकडे. अर्ज करीन, कोर्टात जाईन, असं काहीबाही पुटपुटत तो बाहेर पडला. अर्ज त्यानं पुढे केलेही, बरेच. पण त्या दिवशी परत येताना सायकल चालवणंही जमेना. हातात धरून चालत आला.

संध्याकाळी विहारात बैठक भरली. देवराव उठला. शब्द त्यानं घोटून ठेवले होते. "माझ्याकडून चूक झाली. सिंधूताईंवर अन्याय झाला. आजपासून विहीर त्यांना खुली आहे, असं मी सगळ्यांसमोर सांगतो."

बायांच्या बाजूनं आवाज आला. तोच नाल्यापलीकडे ऐकू जाणारा.

"बंद झालेली विहीर खुली करून देऊन राहिले का पेंटर?"

लोक हसले. हसू दाबायचा प्रयत्न केला, तरी हसलेच.

"विहिरीवरून हाकललं," सिंधूताई म्हणाली, "अन् माफी इथं चटईवर? बरी जागा पाहिली." ती उठून गेली. देवराव उभाच राहिला. एरवी बोलताना जो कधी अडत नसे, त्याचं भाषण आज दोन ओळींत संपलं होतं आणि त्या दोन ओळीही फुकट गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं चुना कालवला आणि कठड्यावरची निळी अक्षरं पुसली. येथे कोणासही मनाई नाही. शेवटचा शब्द पुसताना चुना पातळ पडला, निळं खालून दिसत राहिलं. त्यावर लाल रंगात लिहिलं: पाणी घेऊ नये. आग आणू नये. त्याचं अक्षर इतकं वाकडं कधी आलं नव्हतं. येणारे-जाणारे पाहत होते.

विहिरीऐवजी टँकर यायला लागला, पण त्याचं पाणी वापरण्यापुरतंच व्हायचं. पिण्याचं आणायला सिंधूताई आपल्या रस्त्यानं प्रताप नगरात निघाली, आणि तिच्या मागे वस्तीतल्या बाया निघाल्या. तिला रस्ता माहीत होता. एक-दोन दिवस प्रेमिलानं देवरावाचंही आणलं. तिसऱ्या दिवशी तिनं रिकामी बादली त्याच्या पुढ्यात आपटली.

"उचला अन् चला. मी नाही आणत तुमच्यासाठी."

"मी तसं पाणी घेणार नाही," देवराव म्हणाला. "मेलो तरी चालन. वरून ओतलेलं घेणार नाही."

"कोण ओतते?"

"मी पाह्यलं आहे माझ्या डोळ्यानं."

प्रेमिला म्हणाली, "पहिल्या दिवशीचं पाह्यलं तुम्ही. दुसऱ्या दिवशी वहिनी त्या बाईले म्हणाली, तुमच्या हातानं ओतलेलं नाही घेत, माझ्या हातानं घेऊ देत असान तर घेतो. बाई नाही म्हणाली. वहिनी रिकामी बादली घेऊन आली अन् नाल्यातल्या झिऱ्याचं पाणी गाळून पेली. महिनाभर तेच पेली. मग त्या बाईले घासलेट लागलं, तिनंच एक दिवस वहिनीच्या गाडीले हाक मारली. आता नळ वहिनी सोडते, वहिनी बंद करते. बाई तिकडं ओसरीत तांदूळ निवडत बसते."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं का?"

देवरावानं बादली उचलली. रस्ताभर तो बायांच्या मागे चालला, एकटा गडी. बंगल्याच्या बाजूला, जास्वंदीपाशी नळ होता. सिंधूताई नळावर हात ठेवून उभी, एकेकीची बादली भरून देत होती. ओसरीत अरुंधतीबाई खरंच सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. रांग लागली होती. देवराव रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. कोणीतरी मागे वळून म्हणालं, "पेंटर, तुम्ही पुढं जा ना, गडी माणूस," आणि तो नाही म्हणाला.

रांग सरकत गेली. मागून आणखी दोन बाया येऊन उभ्या राहिल्या. त्याची पाळी आली तेव्हा समोर फक्त सिंधूताई, नळ आणि त्याची रिकामी बादली. विहारातल्या बैठकीचे शब्द त्याला एकही आठवेना.

"वहिनी," तो म्हणाला. मागच्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही बादली धरली होती. मी वास नाही घेतला. घेतला असता तर कळलं असतं तुमचा दोष नाही. कळलं असतं, म्हणूनच नाही घेतला. रांगेतलं ते हसणं मनात होतं माझ्या. विहिरीचा वास तर मागून आला." त्यानं बादली नळाखाली धरली. "बळीरामची विहीर होती ती. तुमच्यावर बंद केली मी."

 ओसरीतलं सूप थांबलं. सिंधूताईनं नळ सोडला. पाणी बादलीत पडायला लागलं. ती पाण्याकडेच पाहत होती.

"बादली सरळ धरा," ती म्हणाली. "सांडून राहिलं."

त्यानं सरळ धरली.  बादली काठापर्यंत आली. तरी तिनं नळ लगेच बंद केला नाही. एक धार जास्तीची काठावरून त्याच्या पायांवर सांडली, मग बंद केला.

तो थांबून राहिला. एक शब्द येईल असं त्याला वाटत होतं. जुना, साधा, दोन वर्षं न ऐकलेला.

"चला, पेंटर," सिंधूताई म्हणाली. "मागच्याले जागा द्या."

देवराव बादली घेऊन बाजूला झाला. उतारावरून वस्तीकडे जाताना बादली जड होती, पण हात बदलायला तो कुठे थांबला नाही. वाटेत विहीर लागली. पातळ चुन्यातून निळा 'नाही' अजून दिसत होता. त्याच्याकडे न पाहता तो पुढे गेला.